पंचवार्षिक आराखडा लिहायला बसण्याआधी

विदर्भातल्या एखाद्या ग्रामीण विद्यापीठाचा शैक्षणिक आणि संशोधन आराखडा लिहायचा तर टेबलावर सर्वांत आधी दोन फायली वेगळ्या कराव्यात. एक, महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ च्या कलम १०७ प्रमाणे होणारा बृहत् आराखडा. कोणत्या तालुक्यात कोणते नवे महाविद्यालय, कोणती विद्याशाखा, याची स्थळे त्यात ठरतात. दुसरी फाईल विद्यापीठाच्या स्वतःच्या विभागांच्या शैक्षणिक आणि संशोधन वाढीची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचना तिला संस्थात्मक विकास आराखडा म्हणतात. या दोन्हींची सरमिसळ झाली की नव्या महाविद्यालयांच्या मागण्या संशोधनाच्या पानांवर येऊन बसतात, आणि विभागप्रमुखाला आपल्या वाट्याला नेमके काय आले ते शेवटपर्यंत कळत नाही. इथून पुढचे सगळे दुसऱ्या फाईलविषयी.

मग माणसे मोजावीत, आणि ती मंजूर पदांवरून नव्हे तर हजेरीपटावरून मोजावीत. आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमांप्रमाणे प्राध्यापकाला ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ संशोधक विद्यार्थी घेता येतात. समजा, एखाद्या विभागात एक प्राध्यापक, दोन सहयोगी आणि तीन सहायक प्राध्यापक आहेत. कागदावर क्षमता ८, १२ आणि १२ मिळून ३२. पण प्राध्यापकांच्या निवृत्तीला अडीच वर्षे उरली आहेत, आणि तीन वर्षांपेक्षा कमी सेवा उरलेल्यांना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत, म्हणून ८ वजा. एका सहायक प्राध्यापकांची स्वतःची पीएच.डी. व्हायची आहे, आणखी ४ वजा. उरले २०. उरलेल्या मार्गदर्शकांकडे १४ जण आधीच नोंदलेले असतील तर नव्या जागा फक्त ६. आराखड्यात ३२ लिहायचे की ६, याचा निकाल पहिल्याच बैठकीत लावावा. तासिका तत्त्वावरचे शिक्षक वर्ग सांभाळतात, प्रात्यक्षिके घेतात, पण मार्गदर्शकांच्या यादीत त्यांना धरता येत नाही. ग्रामीण विद्यापीठाचे गणित इथेच फसते.

रिक्त पदांच्या तक्त्यात नुसता आकडा पुरत नाही. प्रत्येक पदासमोर बिंदूनामावली (कोणते पद कोणत्या आरक्षण प्रवर्गाचे, याची क्रमवार यादी) मागासवर्ग कक्षाकडून कधी तपासून आली, शासनाची भरतीची परवानगी आहे का, जाहिरात निघाली का, हे तीन रकाने हवेत. तिन्ही रिकामे असतील तर ते पद आराखड्याच्या पहिल्या दोन वर्षांत भरले जाणार नाही असे धरून चालावे. निवृत्त्यांचा तक्ताही पाच वर्षांचा काढावा. ती तारीख सेवापुस्तकात लिहिलेलीच असते, तरी ऐनवेळी सगळ्यांना धक्का बसतो.

पीएच.डी.ची उद्दिष्टे वर्षांत समान वाटू नयेत. किमान कालावधी तीन वर्षांचा, कमाल सहा. आज नोंदणी केलेल्याचा प्रबंध चौथ्या-पाचव्या वर्षी येईल. म्हणजे पहिल्या तीन वर्षांत किती पदव्या मिळणार हे आराखडा ठरवत नाही, मागच्या तीन-चार वर्षांच्या नोंदण्या ठरवतात. तेव्हा नोंदणीचे जुने रजिस्टर काढावे आणि किती जणांचे प्रगती अहवाल थकले आहेत ते पाहावे. ज्यांचे दोन-तीन सहामाही अहवाल आलेच नाहीत, त्यांना उद्दिष्टातून वगळावे.

आता विषय. इथे घाई करू नये, कारण पाच वर्षांचा खर्च याच यादीवर जातो. नॅनो, कृत्रिम बुद्धिमत्ता, जैवतंत्रज्ञान हे शब्द प्रत्येक विद्यापीठाच्या आराखड्यात असतात. असू द्यावेत, पण तेवढ्यावर अमरावती, गडचिरोली आणि पुणे यांचे कागद वेगळे ओळखू येत नाहीत. विदर्भात पायाखालीच विषय आहेत: पूर्णा खोऱ्यातल्या अमरावती, अकोला, बुलढाणा जिल्ह्यांचा खारपाणपट्टा म्हणजे खारट भूजलाचा पट्टा, लोणारच्या क्षारीय सरोवरातले सूक्ष्मजीव, भंडारा-गोंदियाचे मामा म्हणजे माजी मालगुजारी तलाव, यवतमाळ-चंद्रपुरातल्या काही गावांच्या पाण्यातले फ्लोराइड, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार, कापसावरची गुलाबी बोंडअळी, कोरकू, कोलामी, गोंडी, माडिया या भाषा, आणि गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावानंतर सामूहिक वनहक्कांवर उभी राहिलेली ग्रामसभांची बांबू-तेंदूची अर्थव्यवस्था. यांतले तीन, फार तर चार निवडावेत. निवडीची कसोटी सोपी ठेवावी: त्या विषयाचे किमान दोन मार्गदर्शक आज सेवेत आहेत का, पाच वर्षांनंतरही त्यांतला एक तरी असेल का, आणि तेच काम शेजारी कोणी आधीच करत आहे का. खारपाणपट्ट्याची माती आणि पीक यांवर अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ काम करते. तिथे तेच पुन्हा मांडण्यापेक्षा भूजलाचे रसायन, पिण्याच्या पाण्याचा आरोग्यावर परिणाम, शेती सोडून जाणाऱ्यांचे अर्थकारण हे आपल्याकडे घ्यावे आणि सामंजस्य करारात कोण काय करणार ते नावानिशी लिहावे. नुसता हात मिळवल्याचा फोटो असलेले करार मूल्यांकनात कामाचे नाहीत. मूल्यांकन समितीला कराराखाली प्रत्यक्ष काय झाले याचे पुरावे लागतात.

क्षेत्रकामाचे वेळापत्रक दिनदर्शिकेवरून नव्हे, हंगामावरून आखावे. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले, मे महिन्यात तेंदू, जून-जुलैत पेरणी, त्यापाठोपाठ धानाची रोवणी. या दिवसांत प्रश्नावली घेऊन गेले तर घरी कोणी सापडत नाही. मेळघाटात दिवाळीनंतर अनेक कुटुंबे कामासाठी बाहेर पडतात आणि होळीला परततात. जानेवारीत तिथे घरोघरी पाहणी केली तर म्हातारी माणसे आणि लहान पोरे एवढीच नोंदली जातात आणि स्थलांतराचा आकडाच चुकतो. हिवाळी परीक्षांची ड्युटी वेगळी. पाण्याचे नमुने मात्र पावसाळ्याआधी मे महिन्यात आणि पावसाळ्यानंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, दोन्ही वेळा घ्यावेच लागतात. त्याआधी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडून निरीक्षण विहिरींच्या जुन्या नोंदी मागवाव्यात, निम्मे काम तिथेच होते.

परवानग्यांसाठी सहा महिने हाताशी ठेवावेत. अभयारण्यात किंवा व्याघ्र प्रकल्पात जायचे तर वनविभागाची परवानगी, माणसांकडून रक्ताचे नमुने घ्यायचे तर संस्थात्मक नैतिकता समितीची, पेसा क्षेत्रातल्या (ग्रामसभांना विशेष अधिकार देणारा कायदा लागू असलेल्या आदिवासी भागातल्या) गावात ग्रामसभेशी आधी बोलणे. नैतिकता समितीची बैठक वर्षातून एकदाच होत असेल तर पहिले वर्ष वाया गेलेच समजावे.

प्रयोगशाळेच्या पानावर उपकरणांच्या किमतीपेक्षा वीज आणि उष्णता यांना जास्त जागा द्यावी. उणे ८० अंशांचे फ्रीझर साधारणपणे ३२ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी बनवलेले असतात. चंद्रपूर-अकोल्याच्या मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना एका वातानुकूलन यंत्रावर ते ठेवले की काँप्रेसर सतत चालतो आणि जळतो. म्हणून दोन यंत्रे आळीपाळीने, शिवाय जनरेटर आपोआप सुरू होण्याची सोय. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो. न्यूट्रल आणि अर्थिंग यांमधले व्होल्टेज मे महिन्यातल्या दुपारी मोजून घ्यावे. ते २ व्होल्टच्या वर गेले तर संवेदनशील उपकरणांची वाचने डळमळतात आणि कंपनी वॉरंटीवर बोट ठेवते. काळ्या मातीवर नवी इमारत असेल तर पायाचा आराखडा मृदा तपासणीशिवाय मंजूर करू नये. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि हलक्या पायावरच्या भिंतींना दोन-तीन वर्षांत तडे जातात. सूक्ष्मदर्शक आणि तराजू तळमजल्यावरच हवेत. देखभाल करारासाठी दरवर्षी उपकरणाच्या किमतीच्या साधारण ५ ते १० टक्के रक्कम वेगळ्या लेखाशीर्षात (अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या सदरात) धरावी. प्रकल्पाचा निधी संपला की देखभाल संपते, आणि यंत्रावर कापड पडते.

माहितीच्या नोंदी पहिल्या दिवसापासून एका जागी ठेवाव्यात. सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत दुर्लक्षित काम म्हणजे शोधनिबंधावर विद्यापीठाचे नाव एकाच पद्धतीने लिहिणे. नागपूर आणि अमरावती या दोन्ही विद्यापीठांची जुनी, नवी आणि संक्षिप्त अशी तीन-तीन नावे फिरतात. आंतरराष्ट्रीय सूचींमध्ये ती वेगवेगळ्या संस्था म्हणून पडतात, आणि राष्ट्रीय क्रमवारीत निबंध कमी भरतात. ठरलेल्या एका नावाचे परिपत्रक काढावे आणि प्रत्येक शिक्षकाचा ऑर्किड क्रमांक (संशोधकाची कायमची ओळख सांगणारा आंतरराष्ट्रीय क्रमांक) घ्यावा. ‘केअर यादीतले निबंध’ असे उद्दिष्ट आता लिहू नये, आयोगाची ती मान्य नियतकालिकांची यादी बंद केल्याचे २०२५ मध्ये जाहीर झाले. केंद्राच्या एक राष्ट्र एक सदस्यत्व योजनेतून १ जानेवारी २०२५ पासून हजारो नियतकालिके खुली झाली आहेत. आपल्या संलग्न महाविद्यालयांपैकी कोणती त्यात बसतात आणि वसतिगृहातून, घरून ती उघडतात का, हे ग्रंथपालांकडून लेखी घ्यावे. पेटंटच्या शुल्कात शैक्षणिक संस्थांना २०२१ पासून ८० टक्के सवलत आहे, तेव्हा मूळ शुल्काच्या जुन्या आकड्याने तरतूद फुगवू नये.

शेवटी मान्यतांचा क्रम उलटा मोजावा. अधिसभेची बैठक कधी, तिच्याआधी व्यवस्थापन परिषद आणि विद्या परिषद कधी, विषयपत्रिका किती दिवस आधी छापून जाते, हे धरून मसुद्याची तारीख ठरते. वित्त व लेखा अधिकाऱ्यांना मसुदा अंदाजपत्रकाआधी मिळाला पाहिजे. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते. फेब्रुवारीत पोचलेल्या आराखड्यासाठी त्या वर्षी तरतूद होत नाही. प्रत्येक उद्दिष्टासमोर जबाबदार व्यक्तीचे पदनाम, रक्कम, लेखाशीर्ष आणि तिमाही लिहावी. जुन्या अनुदानांची उपयोगिता प्रमाणपत्रे थकली असतील तर ती आधी सादर करावीत, त्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. मसुद्याच्या प्रतीवर तारीख आणि आवृत्ती क्रमांक टाकावा. तीन समित्यांत तीन वेगवेगळ्या प्रती फिरल्या की अधिसभेत पहिला तास कोणती प्रत खरी यातच जातो.