पहिल्यांदा घरी बकरं सोलताना

आखाडात त्र्यंबोलीच्या जत्रेची पिपाणी वाजली की कोल्हापुरात घरोघरी बकऱ्याचा बेत ठरतो. कापण्याचं काम मात्र खाटकाकडेच द्या. शिकाऊ हातानं जनावराचे हाल होतात. त्यानंतरचं सोलणं, पोट काढणं आणि तोडणं घरी शिकता येतं. आणि हे शिकायचं ते पाळीव बकऱ्यावरच. राधानगरीच्या रानातल्या भेकराची किंवा सांबराची शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे.

आदल्या रात्रीपासून बकऱ्याचा चारा बंद ठेवा, पाणी चालू ठेवा. आतडी रिकामी असली की फाटायची भीती कमी. पंचवीस किलोच्या बकऱ्याचं साधारण बारा किलो मटण पडतं, त्या हिशेबानं पातेली काढून ठेवा. दोन सुऱ्या, सत्तूर, लाकडाचा ओंडका, सुतळी आणि भरपूर गरम पाणी हवं. पावसाळ्यात माश्या फार, म्हणून आडोशाला उंच आढ्याला मागच्या पायांनी टांगा.

मागच्या पायाच्या गुडघ्यापाशी कातडं कापून मांडीच्या आतून चीर द्या. पुढं सुरी बाजूला ठेवून मूठ वापरा. एका हातानं कातडं ओढायचं, दुसऱ्या हाताची मूठ कातडं आणि मांसाच्या मधे दाबत न्यायची. केसाला लागलेला हात धुतल्याशिवाय मांसाला लावायचा नाही. बकऱ्याचा उग्र वास मटणात उतरतो तो बहुतेक तिथूनच.

पोट काढताना घाई नको. आधी गुदद्वाराभोवती कापून आतड्याचं टोक सुतळीनं घट्ट बांधा, तसंच गळ्याशी अन्ननलिकेचं. मग सुरीचं पातं बाहेरच्या बाजूला आणि दोन बोटं आत ठेवून पोट उघडा, म्हणजे आतडं कापलं जात नाही. मूत्राशय अलगद काढा. कलेजीला चिकटलेली हिरवट पिशवी म्हणजे पित्त. पहिल्या खेपेला माझ्याकडून ते फुटलं आणि निम्मी कलेजी कडू झाली. तेव्हापासून मी कलेजीचा छोटा तुकडा सोबत कापूनच पित्त काढतो.

कलेजी आणि फुप्फुस उजेडात नीट बघा. त्यात पाण्यानं भरलेले फोड दिसले तर तो अवयव पुरून टाका, कुत्र्याला अजिबात घालू नका. त्या फोडांत जंताची पिलावळ असते. कुत्र्याच्या पोटात ती वाढते आणि त्याच्या विष्ठेतून घरातल्या लहान पोरांपर्यंत पोचते.

आता तोडणी. फरा, म्हणजे पुढचा पाय, छातीला सांध्यानं जोडलेला नसतो. तो उचलून धरला की नुसत्या सुरीनं सुटतो. मागच्या मांडीचा खुब्याचा सांधा चाचपून शोधा आणि तिथंच कापा, हाड फोडू नका. चाप, म्हणजे बरगड्या, आणि मणक्याला सत्तूर. घाव एकच आणि नेमका, नाहीतर रश्श्यात हाडाच्या किरच्या येतात. मांडीच्या चरबीत दडलेली करडी गाठ काढून टाका.

वजडी, म्हणजे बकऱ्याचं पोट, सगळ्यात शेवटी, पण त्याच दिवशी. उलटी करून धुवायची, कढत पाण्यात थोडा वेळ बुडवायची आणि सुरीनं खरवडायची. जास्त वेळ ठेवली तर काळी साल उलट घट्ट बसते. मुंडी आणि पाय जाळावर भाजून खरवडा.

अळणीसाठी, म्हणजे मटण शिजवलेल्या बिनमसाल्याच्या पाण्यासाठी, हाडाचे तुकडे आधी वेगळे काढा. हळद, मीठ, आलं-लसूण लावून ते चुलीवर चढवा, म्हणजे बाकीचे वाटे घालेपर्यंत पांढऱ्या रश्श्याचं पाणी तयार होतं.