कढीपत्ता, टोरांटोचा हिवाळा आणि एलईडी

डिसेंबरात टोरांटोत दिवस जेमतेम ९ तासांचा. खिडकीतला कढीपत्ता पानं गाळायला लागला. आधी पाणी वाढवलं, खत घातलं. झाड आणखीच बिघडलं. मग जांभळा एलईडी दिवा मागवला. खोक्यावर ‘१००० वॉट’, प्लगला मीटर लावून पाहिलं तर खेचत होता अवघे ४०! शिवाय त्या उजेडात पिवळं पान कुठलं नि हिरवं कुठलं, काही कळेना. (दिवाणखाना मात्र ऑर्केस्ट्रा बारसारखा दिसायचा.)

शेवटी ४००० केल्विनचं (म्हणजे ना फार पिवळं, ना फार निळसर) साधं पांढरं पॅनेल घेतलं. मोबाइलवरच्या लक्स (डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडाचं माप) अ‍ॅपने शेंड्याशी मोजलं: पॅनेल दोन फुटांवर असताना ४ हजार, एका फुटावर ११ हजार. पांढऱ्या एलईडीच्या लक्सला ७० ने भागलं की झाडाच्या कामाच्या उजेडाचा आकडा, म्हणजे मायक्रोमोल, अंदाजे मिळतो. एका फुटावर माझा दीडशेच्या वर गेला. पॅनेल तिथेच टांगलं, टायमर १४ तासांवर लावला. पाणी मात्र माती वरून दोन बोटं कोरडी झाल्यावरच.

तीन आठवड्यांनी शेंड्याला तांबूस कोंब दिसले. फेब्रुवारीत पोह्यांच्या फोडणीपुरती सहा पानं तोडली, तीही जिवावर येऊन.