पावसाळा सरला, आता सेसनाचे पाय तपासायचे: आधीची तयारी

सप्टेंबर संपत आला की ट्रेनिंगच्या विमानांचे तास भराभर वाढू लागतात. त्या धांदलीत लँडिंग गिअरच्या, म्हणजे चाकं आणि ती धरणाऱ्या पायांच्या, वाट्याला टॉर्चचा एक झोत येतो आणि 'ठीक आहे' असा शेरा. यंदा तसं करू नका. सेसना 172 या छोट्या ट्रेनिंग विमानाच्या दोन मुख्य पायांसाठी अख्खा दिवस राखून ठेवा. हँगरमध्ये नव्याने आलेल्या तंत्रज्ञांसाठी ही तयारी लिहितो आहे.

आदल्या दिवशी लॉगबुक घेऊन बसा. नुसते उड्डाणाचे तास पाहू नका, विमान किती वेळा उतरलं ते शोधा. सर्किट मारणारं, म्हणजे धावपट्टीभोवती फेरी घेऊन पुन्हा पुन्हा उतरणारं विमान तासाभरात सहा-सात वेळा टेकतं, लांबच्या फेरीला गेलेलं दोन तासांत एकदाच. दर वेळी टेकताना पाय वाकतो आणि परत सरळ होतो. धातू थकतो तो या वाकण्यामुळे, त्यामुळे दोन विमानांचे शंभर तास पायांच्या लेखी सारखे नसतात. विमान जोरात आपटल्याची नोंद असेल तर ती वेगळी उतरवून घ्या. अशी प्रत्येक गोष्ट लिहिली जातेच असं नाही, म्हणून इन्स्ट्रक्टरांनाही विचारा, पण दोष शोधायला आल्यासारखं नको. विमान पावसाळाभर कुठे उभं होतं हेही टिपून ठेवा. जुहूसारख्या समुद्रालगतच्या विमानतळावरची खारी हवा आणि धुळ्याची कोरडी हवा यांत पोलादाला फार फरक पडतो.

मॅन्युअल त्याच मॉडेलचं आणि त्याच सीरियल नंबरला लागू होणारं काढा. जुन्या 172 ला स्प्रिंग स्टीलची चपटी पट्टी आहे, नंतरच्यांना नळीसारखा पाय. सामानात जॅक, टॉर्च, छोटा आरसा, दहापट मोठं दाखवणारं भिंग, प्लास्टिकची पट्टी, बारीक पॉलिश पेपर आणि मुदत न संपलेला डाय पेनिट्रंटचा (भेगेत शिरून ती दाखवणाऱ्या रंगद्रवाचा) संच हवा. प्रायमर आणि रंगही आधीच आणून ठेवा. आपल्या दमट हवेत उघडं पोलाद एका रात्रीत तांबूस होतं.

रंग काढायचं रसायन आणि गंज काढायचं आम्ल मात्र विमानाच्या आसपाससुद्धा ठेवू नका. हे पाय फार उच्च ताकदीच्या पोलादाचे असतात. आम्लातला हायड्रोजन त्यात शिरला की ते ठिसूळ होतं. वरून काहीच दिसत नाही, आणि पाय तुटतो तो विमान सेवेत परत गेल्यावर. कुणी कितीही घाई केली तरी रंग हातानेच घासून काढायचा. या बाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही.

आता नेमकं कुठे पाहायचं? पायाच्या खालच्या अंगाला. विमान टेकतं तेव्हा ताण तिकडे पडतो, म्हणूनच कारखान्यात त्या बाजूला बारीक छर्ऱ्यांचा मारा करून पृष्ठभाग दाबून घट्ट केलेला असतो. त्याला शॉट पीनिंग म्हणतात. हा थर जेमतेम पाव ते अर्धा मिलिमीटर जाड असतो. गंजाचा खड्डा तेवढा खोल गेला की ते संरक्षण संपलं. मग खड्ड्याच्या तळाशी ताण एकवटतो, केसासारखी भेग सुटते आणि दर लँडिंगला थोडी थोडी पुढे सरकते.

सगळ्यात जास्त वेळ चढायच्या पायरीपाशी द्या. ही पायरी पायाला चिकटवलेली असते. चिकटद्रव्याची कड जराशी सुटली की पाणी आत ओढलं जातं आणि तिथेच बसून राहतं. वरचा रंग मात्र नवा असल्यासारखा दिसतो. कडेने नखाने चाचपत जा. मुगाच्या दाण्याएवढा फुगलेला रंग सापडला तरी तो खरवडून खालचं पोलाद बघायचंच. ब्रेकची नळी धरणाऱ्या क्लिपा आणि चाकांवरची फेअरिंग, म्हणजे आवरणं, हीही काढा, त्यांच्या आत चिखल साठतो.

गंज निघाल्यावर खड्ड्याची खोली मोजा. ती मॅन्युअलच्या मर्यादेत नसेल तर पाय बदलायचा, तिथे चर्चा नको. मर्यादेत असेल तरी भेग तपासल्याशिवाय रंग लावू नका. डाय पेनिट्रंट फक्त पृष्ठभागावर उघडलेली भेग दाखवतं. पोलादासाठी मॅग्नेटिक पार्टिकल तपासणी (पाय चुंबकीय करून लोहकणांनी भेग शोधणं) मला जास्त भरवशाची वाटते, मात्र नंतर पायातलं चुंबकत्व काढून टाकायला विसरू नका, नाहीतर होकायंत्र चुकेल.

ॲक्सलचे बोल्ट, चाकांचे अर्धे भाग आणि नाकाच्या पायाचे टॉर्क लिंक (चाक सरळ रेषेत ठेवणारे बिजागरीसारखे जोड) हे नेहमीच्या यादीप्रमाणे बघून घ्या.

सापडलेल्या प्रत्येक खड्ड्याचा फोटो मोजपट्टी शेजारी धरून काढा. जागा, खोली आणि तारीख लिहून तो विमानाच्या फाइलला लावा. पुढच्या पावसाळ्यानंतर हीच पायरी जो उघडेल, त्याला कशाशी ताडून बघायचं ते त्यावरून कळेल.