उन्हाळ्यातील रेतन : शुक्राणूंचा प्रवास आणि माजाची वेळ

उन्हाळ्यात गाई-म्हशी उलटण्याचे, म्हणजे रेतन करूनही गाभण न राहता पुन्हा माजावर (संयोगाला तयार असण्याच्या अवस्थेत) येण्याचे, प्रमाण वाढते आणि बहुतेकदा दोष वीर्यकांडीला (कृत्रिम रेतनासाठी गोठवलेले वीर्य भरलेल्या बारीक नळीला) दिला जातो. कांडी सदोष असूही शकते. परंतु रेतनानंतरचे कित्येक तास मादीच्या प्रजननमार्गात काय घडते हे लक्षात घेतले, तर या दिवसांत वेळ चुकणे किती महागात पडते ते कळते.

नैसर्गिक संयोगात वळू अब्जावधी शुक्राणू योनीत सोडतो. गोठवलेल्या कांडीत साधारण दोन कोटीच शुक्राणू भरलेले असतात आणि त्यांतील बरेच गोठवण्या-वितळवण्यात मरतात, म्हणूनच रेत गर्भाशयमुखाच्या पलीकडे, थेट गर्भाशयात सोडावे लागते. तेथूनही बहुतांश शुक्राणू सोटाबरोबर (माजात योनीतून येणाऱ्या चिकट स्रावाबरोबर) बाहेर पडतात किंवा पांढऱ्या पेशी त्यांचा फडशा पाडतात. बीजवाहिनीच्या गर्भाशयाकडील अरुंद भागापर्यंत जेमतेम काही हजार पोहोचतात. तेथे ते आतील अस्तराला चिकटून राहतात आणि या चिकटण्यामुळेच त्यांचे आयुष्य वाढते. नुकताच आत गेलेला शुक्राणू स्त्रीबीज फलित करू शकत नाही; मादीच्या मार्गात काही तास राहून त्याच्या आवरणात बदल झाले, शेपटीची हालचाल जोरकस झाली आणि तो अस्तरापासून सुटला, की मगच ती क्षमता येते. गोठवलेल्या रेतात हे बदल अंशतः आधीच सुरू झालेले असल्याने त्यातील शुक्राणू ताज्या रेतापेक्षा कमी काळ टिकतात. (कोंबडीच्या अंडनलिकेत शुक्राणू साठवणाऱ्या खास ग्रंथी असल्याने एका संयोगानंतर दोनेक आठवडे फलित अंडी मिळू शकतात, गाई-म्हशींत अशी सोय नाही.)

गाईमध्ये स्त्रीबीज माज संपल्यानंतर सुमारे 10 ते 12 तासांनी सुटते आणि त्यानंतर काही तासच फलनक्षम राहते. म्हणून सकाळी माज दिसल्यास संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करण्याची पद्धत आहे. उन्हाळ्यात मात्र माज आखूड होतो, बऱ्याचदा रात्रीच येऊन जातो आणि म्हशींत तर मुकाच, म्हणजे ठळक खुणा न दाखवणारा, राहतो. त्यामुळे वेळ मोजायची कोठून, हाच प्रश्न उभा राहतो. रात्री उशिरा आणि पहाटे जनावरांचे निरीक्षण करावे. म्हशीत दुसऱ्या जनावरावर चढण्याची वाट न पाहता सोट, वारंवार लघवी, योनीवरील सूज आणि दूध अचानक कमी होणे याकडे लक्ष द्यावे. सकाळी दिसलेला माज रात्रीच सुरू झाला असावा असे वाटत असेल, तर नियम अक्षरशः पाळत संध्याकाळपर्यंत थांबण्यापेक्षा लवकर रेतन करणे शहाणपणाचे ठरते. माजानंतर एक-दोन दिवसांनी रक्तमिश्रित स्राव दिसल्यास वेळ निघून गेलेली असते. अशा वेळी रेतन न करता तारीख नोंदवून पुढील माजावर लक्ष ठेवावे.

सोट काचेसारखा स्वच्छ व तार धरणारा असावा, कारण माजातील पातळ सोटातूनच शुक्राणू गर्भाशयमुख ओलांडतात. तो गढूळ किंवा पूमिश्रित असेल, तर रेतन टाळून आधी पशुवैद्यकाकडून उपचार करून घ्यावेत.

भर दुपारी जनावर चालवत नेणे किंवा आरडाओरडा करून खोड्यात घालणे टाळावे. घाबरल्यावर स्रवणाऱ्या संप्रेरकामुळे शुक्राणूंना पुढे नेणारे गर्भाशयाचे आकुंचन मंदावते. हवा गरम आहे म्हणून कांडी नुसतीच हातात धरून वितळवू नये. 37 अंश सेल्सिअसच्या पाण्यात किमान 30 सेकंद ठेवून ती पूर्ण कोरडी पुसावी, कारण पाण्याचा थेंबही शुक्राणूंना मारक ठरतो, आणि उन्हात न नेता लगेच वापरावी.

रेतन झाले म्हणजे काम संपले असे नाही. फलनानंतरच्या पहिल्या काही दिवसांत गर्भ उष्णतेला फार नाजूक असतो, त्यामुळे किमान आठवडाभर सावली, मुबलक थंड पाणी आणि अंगावर पाण्याचा फवारा द्यावा. नैसर्गिक रेतनासाठी वळू ठेवला असल्यास त्यालाही हीच काळजी लागते. शुक्राणू तयार होण्यास सुमारे दोन महिने लागत असल्याने उन्हाने झालेले नुकसान पाऊस सुरू झाल्यानंतरही काही आठवडे दिसते. तोवर त्याच्या वीर्याची तपासणी करून घ्यावी किंवा कृत्रिम रेतन वापरावे.