बसला ‘ऑन’, ऑटोला ‘इन’

‘मी बसमध्ये आहे’ याचं इंग्रजी करताना आपल्या तोंडी ‘इन द बस’ येतं. हवं असतं ‘ऑन द बस’. गाडीगणिक पाठांतर नको, एवढंच बघा: आत उभं राहून चालता येतं का?

१. येतं (बस, मेट्रो, रेल्वे, विमान): चढताना ‘गेट ऑन’, उतरताना ‘गेट ऑफ’.

२. येत नाही, वाकून बसावं लागतं (ऑटो, टॅक्सी, कार): ‘गेट इन’ आणि ‘गेट आउट ऑफ’. स्कूटर-सायकलला मात्र ‘ऑन’च, तिथे ‘गाडीवर’ हे आपलं मराठीच कामी येतं.

३. ठिकाणाला ‘अ‍ॅट’. नागपुरात खापरीहून लोकमान्य नगरला मेट्रोनं जायचं तर: ‘गेट ऑन अ‍ॅट खापरी, चेंज ट्रेन्स अ‍ॅट सीताबर्डी, गेट ऑफ अ‍ॅट लोकमान्य नगर.’ गाडी बदलताना दोन गाड्या येतात, म्हणून ‘ट्रेन्स’ अनेकवचनी.

४. कशानं आलात? ‘बाय बस’, ‘बाय मेट्रो’. मध्ये ‘द’ किंवा ‘अ’ घालू नका. ठरावीक गाडी सांगायची असेल तर ‘ऑन द 8:15 बस’. पायी आलात तर ‘ऑन फुट’.

‘गेट डाउन फ्रॉम द बस’ नागपुरात कुणालाही कळतं, पण परीक्षेत किंवा परदेशी माणसाशी बोलताना ‘गेट ऑफ द बस’च म्हणा, ‘फ्रॉम’ न जोडता. ‘रीच’चंही तसंच: ‘रीच द स्टेशन’. त्यात ‘टू’ घुसवायची सवय चांगल्या शिकलेल्यांचीही सुटत नाही.