अकरावी, ढोलपथक आणि परदेशी प्रवेश: आधी तास मोजा

अमेरिकेतल्या निवडक विद्यापीठांत जायचं असेल तर अकरावी हलक्यात घेऊ नका. आपल्याकडे सगळा भर बारावीवर असतो, तिकडे मात्र नववी ते बारावीचे गुण बघतात. त्यामुळे अर्जात दाखवायचे अभ्यासाबाहेरचे उपक्रम निवडण्याआधी वेळेचा हिशेब मांडा.

आठवड्याचे तास 168. झोपेचे 56, कॉलेज-क्लास आणि जाण्यायेण्याचे 48, घरच्या अभ्यासाचे 25, जेवणखाण वगैरे 21. उरले 18. त्यातले 8 ते 10 उपक्रमांना द्या, बाकीचे मोकळे ठेवा. आजारपण, पाहुणे, लग्नं त्यांतच बसवावी लागतात. नाशिकरोडला घर आणि गंगापूर रोडला क्लास असेल तर प्रवासाचा वेळ आठवडाभर घड्याळ लावून मोजा. हिशेब बहुधा इथेच फसतो.

कॉमन ॲपच्या, म्हणजे अनेक विद्यापीठांना चालणाऱ्या सामायिक ऑनलाइन अर्जात 10 उपक्रमांना जागा असते, पण ती भरलीच पाहिजे असं नाही. दोन-तीन उपक्रम नववी-दहावीपासून टिकवलेले असले तर ते बारावीत गोळा केलेल्या दहा प्रमाणपत्रांपेक्षा कितीतरी वजनदार ठरतात. घरचं कामही चालतं. निफाड-दिंडोरीकडच्या मुलांनी द्राक्षबागेतल्या मजुरांची हजेरी आणि हिशेब सांभाळला असेल तर तो संकोच न करता लिहावा.

प्रत्येक उपक्रमापुढे आठवड्याचे तास आणि वर्षातले आठवडे भरावे लागतात. ढोलपथकाचं उदाहरण घ्या. गणपतीआधी नऊ आठवडे सराव, आठवड्याला 6 दिवस, रोज 2 तास, म्हणजे 12 तास आणि 9 आठवडे. तेवढेच लिहा. सगळ्या उपक्रमांचे फुगवलेले तास एकत्र केले की आठवड्यात बसत नाहीत, आणि वाचणाऱ्याच्या ते लगेच लक्षात येतं. वर्णनाला 150 अक्षरं मिळतात, मधली मोकळी जागा धरून. ‘ढोल वाजवला’ एवढ्याने काहीच कळत नाही. ‘नव्या 15 वादकांना तीन ताल शिकवले, ढोल ताणायला शिकवलं’ यातून काम दिसतं. हे 12 तास 8-10 च्या मर्यादेबाहेर जातात, म्हणून त्या नऊ आठवड्यांत दुसरा उपक्रम पूर्ण बंद ठेवा आणि संध्याकाळचा अभ्यास पहाटे घ्या. झोपेतून तास काढलेत तर सप्टेंबरच्या चाचणीत त्याची किंमत मोजावी लागते.

नाव एका कॉलेजात आणि दिवसभर क्लासमध्ये, अशी सोय करणाऱ्यांची अडचण वेगळीच. शिफारसपत्र शिक्षकांनी लिहायचं असतं, आणि वर्गात कधी न दिसलेल्या मुलाबद्दल ते काय लिहिणार? निदान दोन विषयांच्या तासांना नियमित बसा, शंका विचारा आणि बारावीच्या जुलैतच पत्रासाठी विनंती करा.

अर्जाच्या लवकरच्या फेरीची मुदत बऱ्याच ठिकाणी 1 नोव्हेंबर, नेहमीच्या फेरीची जानेवारीच्या सुरुवातीला. नेमकी तेव्हाच बारावीची पूर्वपरीक्षा आणि प्रात्यक्षिकांची धावपळ असते, फेब्रुवारीत बोर्ड. म्हणून अर्जातल्या 650 शब्दांपर्यंतच्या निबंधाचा पहिला खर्डा अकरावीनंतरच्या मे महिन्यातच लिहून ठेवा.