अभ्यास मंडळात आपला मुद्दा मंजूर कसा करून घ्यावा

बेळगाव, खानापूर, निपाणीच्या कॉलेजांत शिकवणाऱ्यांनी आधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्यांची कॉलेजं ज्या राणी चन्नम्मा विद्यापीठाखाली येतात, त्याला कर्नाटकाचा 2000 चा विद्यापीठ कायदा लागू आहे, त्यात सिनेट, म्हणजे निवडून आलेल्या प्रतिनिधींची मोठी सभा, नाही. त्यामुळे शिवाजी विद्यापीठातल्या चंदगड, गडहिंग्लजच्या मित्रांचा सिनेट निवडणुकीचा अनुभव इथे कामाला येत नाही. सिंडिकेटवर, म्हणजे विद्यापीठाचा कारभार पाहणाऱ्या मंडळावर, माणसं नेमणुकीने किंवा हुद्द्याने जातात. शिक्षकाला खरा वाव अभ्यास मंडळात, म्हणजे विषयाचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या समितीत, आणि कॉलेजच्या आयक्यूएसीत, म्हणजे अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षात, आहे.

अभ्यासक्रमात बदल हवा असेल तर एक पानी प्रस्ताव करा: कोणतं सेमिस्टर, कोणता पेपर, कोणता घटक, त्याऐवजी काय, तास किती, गुणांची विभागणी कशी. प्रस्ताव बहुतेक वेळा अडतो तो तासांवर. नवी कादंबरी सुचवतात, काय वगळायचं ते लिहीत नाहीत. आठवड्याला 4 तास धरले तर 15 आठवड्यांत 60 तासच हाती येतात. 12 तासांचा घटक घालायचा तर 12 तासांचं काही काढावंच लागतं. पुस्तक बाजारात मिळतं का, हेही आधी पाहा. छपाई बंद झालेलं पुस्तक नेमलं की चिकोडीच्या पोराला झेरॉक्सवर अभ्यास करावा लागतो, आणि हे फार वाईट.

मूळ प्रस्ताव मराठीत असला तरी सोबतचं पत्र कन्नड किंवा इंग्रजीत द्या, नाहीतर फाईल टेबलावरच पडून राहते. प्राचार्यांमार्फत पाठवा आणि आवक क्रमांक टाकलेली पोच जपून ठेवा. विषयपत्रिका निघण्याआधी प्रस्ताव पोचला पाहिजे. आयत्या वेळच्या विषयांत तो आला तर चर्चेला दोन मिनिटंही मिळत नाहीत. मंडळावरच्या किमान दोघांना आधी भेटून आकडे समजावून सांगा. मंडळाची मंजुरी मिळाली तरी पुढे अ‍ॅकॅडेमिक कौन्सिल, म्हणजे विद्यापीठाची विद्वत परिषद, आहे.

बैठकीनंतर इतिवृत्त नक्की वाचा. ‘चर्चा झाली’ म्हणजे ठराव नव्हे. ‘मंजूर, अमुक वर्षापासून लागू’ असे शब्द नसतील तर लगेच लेखी दुरुस्ती मागा.

आयक्यूएसीचे नियम सोपे आहेत: 3 ते 8 शिक्षक प्रतिनिधी, दर तिमाहीला किमान एक बैठक, दोन तृतीयांश कोरम, इतिवृत्त आणि कार्यवाही अहवाल. कागदोपत्री बैठका दाखवल्या जात असतील तर हजेरीची सही मागा.

इतिवृत्त मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. कर्नाटकात अर्ज एकाच विषयावर आणि साधारण 150 शब्दांत बसवावा लागतो, म्हणून बैठकीची तारीख आणि माहीत असेल तर ठराव क्रमांक लिहून त्या इतिवृत्ताची प्रत एवढंच मागा.